डेमी-चान: वार्डात वाचलेली मांगा

आमच्या लेकराला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जन्मापासनंच अंगात पुरेसं रक्त बनत नाही. दर एकवीस दिवसांनी रक्त चढवावं लागतं, आठ महिन्यांचा होता तेव्हापासून, आता आठवीत आहे. सकाळी सातला लातूरच्या घरातनं निघायचं, सँपल द्यायचं, क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त याच्या रक्ताशी जुळतंय का ते बघून पिशवी येईपर्यंत अकरा वाजतात, मग थेंब थेंब करत तीन-चार तास. सुई नेहमी उजव्या हाताला लागते कारण डाव्या हाताची शीर सापडतच नाही, म्हणजे लिहायचा हात दिवसभर अडकलेला, अभ्यास होत नाही, मोबाईल बघून बघून डोकं दुखायला लागतं. तर या दिवसासाठी काहीतरी वाचायला पाहिजे म्हणून माझ्या मोठ्या मुलीनं, ती अकरावीला आहे, ऑनलाईन एक मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा मागवली आणि ती मी सोडून घरात सगळ्यांनी वाचली आणि शेवटी मी पण वाचली. म्हणून हे लिहायला बसले.

मांगाचं जपानी नाव 'देमी-चान वा कातारिताई', इंग्रजीत 'इंटरव्ह्यूज विथ मॉन्स्टर गर्ल्स' म्हणून मिळते. लिहिणारे आणि काढणारे एकच, पेटोस नावानं. २०१४ पासनं जपानमध्ये कोदान्शाच्या मासिकात येत होती, एकूण ११ खंड आहेत. आम्ही दोन वाचलेत पूर्ण, आणि पुढची गोष्ट ॲनिमेतनं, म्हणजे त्यावरच्या जपानी कार्टून मालिकेतनं बघितलीय, ते २०१७ चं आहे, बारा भागांचं, त्यात सुरुवातीच्या खंडांचा मजकूर बऱ्यापैकी आलाय.

गोष्ट अशी आहे की जगात माणसांबरोबर 'अजिन' पण राहतात, म्हणजे व्हॅम्पायर, हिमकन्या वगैरे. ते कुठनं बाहेरनं आलेले नाहीत, माणसांच्याच घरात एखादं लेकरू तसं जन्माला येतं, पूर्वी लोक त्यांना छळायचे, आता कायदा आहे, सरकारची मदत आहे, आणि आत्ताची पोरं स्वतःला 'डेमी' म्हणवून घेतात कारण अजिन शब्द त्यांना जड वाटतो. ताकाहाशी नावाचे जीवशास्त्राचे सर आहेत, त्यांना कॉलेजात असतानाच अजिनांवर अभ्यास करायचा होता पण कुणी भेटलंच नाही, आणि एका वर्षी त्यांच्याच शाळेत तीन मुली येतात, हिकारी व्हॅम्पायर, माची डलाहान म्हणजे डोकं आणि धड वेगळं असलेली, युकी हिमकन्या. शिवाय नवीन आलेल्या गणिताच्या सातो मॅडम सक्युबस आहेत, ज्यांचा स्पर्श झाला की समोरचा भुलतो. मग सर एकेकीशी बोलतात. बस एवढंच. लढाई नाही, राक्षस मारायचे नाहीत, शाप उतरवायचा नाही. शाळा, डबा, पाऊस, परीक्षा, आणि बोलणं.

हिकारीचं सांगते आधी, कारण आमच्या घरात ही मांगा तिच्यामुळं टिकली. व्हॅम्पायर म्हटलं की आपल्याला सिनेमातला दात काढून मानेला चावणारा आठवतो. हिला महिन्याला सरकारकडनं रक्ताची पिशवी मिळते. ती पिते, टोमॅटोचा ज्यूस पिते, ऊन सोसत नाही, शाळेत उशिरा येते, जोरात हसते. हे पान लेकरानं वार्डात वाचलं. बाजूला स्टँडला त्याची स्वतःची पिशवी लटकलेली, निम्मी झालेली. त्यानं पुस्तकाकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं, आणि मला म्हणाला, "मम्मे, हिची पण तारीख असते बघ." मी तिकडं तोंड फिरवून बाटलीतलं पाणी प्याले. तेरा वर्षांत या लेकरानं आपल्या रक्ताबद्दल स्वतःहून हसत काही बोललेलं मला आठवत नाही.

पुढं तो म्हणायलाय, "हिला प्यायला मिळतं, आपल्याला सुई." शेजारच्या बेडवर परभणीकडचं एक जोडपं असतं, त्यांची पोरगी सहा वर्षांची आहे, तिनं लगेच विचारलं कोण पितं रे रक्त, मग त्याने तिला चित्रं दाखवली. आता प्रत्येक तारखेला ती पोरगी "रक्तवाली ताई आणली का" म्हणून विचारते. इंग्रजी तिला येत नाही, आम्ही मराठीत सांगत जातो.

हे पुस्तक वार्डासाठीच बनवलंय असं वाटतं त्याचं अजून एक कारण आहे. जपानी मांगा उजवीकडनं डावीकडं वाचतात, पुस्तक आपल्या हिशोबानं मागनं उघडायचं, म्हणजे पान डाव्या बाजूचं उचलायचं आणि उजवीकडं टाकायचं. लेकराचा मोकळा हात डावाच. मराठीचं पुस्तक त्याला मी धरून द्यावं लागायचं, पान पलटायला सांगावं लागायचं, हे तो मांडीवर ठेवून एकटा वाचतो. पहिली दहा-पंधरा पानं चौकटींचा क्रम चुकतो, कोण आधी बोललं तेच कळत नाही, मग सवय होते. माझी सवय व्हायला अख्खा पहिला खंड गेला.

आता माचीबद्दल लिहिते, कारण माझ्या मते या मांगाचा सगळा जीव तिथं आहे.

माची डोकं हातात घेऊन चालते. मानेच्या जागी ज्योत आहे. जगात अशी फक्त तीनच माणसं आहेत असं गोष्टीत आहे. वर्गातल्या पोरी तिच्याशी चांगल्या वागतात, कुणी चिडवत नाही, कुणी हाकलत नाही. पण तिच्या डोक्याचा विषय कुणी काढत नाही. ती स्वतः त्याच्यावर काही गंमत करायला गेली तरी पोरी अवघडून जातात. तिला वाटतं की कुणीतरी सरळ बोलावं, हसलं तरी चालेल. आणि हे तिला कुणाजवळ म्हणता येत नाही कारण तक्रार करावी असं तर कुणी काही केलेलंच नाही.

आमचा पोरगा पाचवीत होता तेव्हाची गोष्ट. शाळेचं नाव घेत नाही, घ्यायची गरज पण नाही, त्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी वर्गात त्याला उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं की याला रक्ताचा आजार आहे, याला कुणी धक्का द्यायचा नाही, याच्याशी जपून वागायचं. आम्ही आईबापांनी घरी येऊन देवाला नारळ फोडला की मॅडमनी किती काळजी घेतली. आणि त्या दिवसापासनं पोरांनी खरंच धक्का दिला नाही. कबड्डीत घेतलं नाही, लपाछपीत घेतलं नाही, डबा खाताना शेजारी बसायचं कमी झालं, कुणीतरी घरून ऐकून आलं की चिकटतं म्हणून. थॅलेसेमिया चिकटत नाही, तो आईबापाकडनं येतो, आम्ही दोघं पण मायनर आहोत, म्हणजे आजार अंगात आहे पण आम्हाला त्याचा त्रास नाही, आणि लग्नाच्या आधी कुणी तपासायला सांगितलं नाही, दोघं मायनर असले की प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता असते लेकरू मेजर व्हायची. हे समजावून सांगायला वर्गात कुणी बोलावलंच नाही आम्हाला, आणि आम्ही पण गेलो नाही. वर्षभर तो एकटा बसला आणि घरात सांगितलं नाही. मोठ्या मुलीनं एकदा सुट्टीत शाळेच्या फाटकातनं बघितलं तेव्हा कळलं.

माचीचं प्रकरण वाचून मुलगी मला म्हणाली, "मम्मी, बाईंनी सगळ्यांना सांगितलं, पण याला विचारलं का?" नव्हतं विचारलं. मी पण नव्हतं विचारलं. ताकाहाशी सर वेगळं काय करतात तर तेवढंच करतात, आधी पोरीला विचारतात की तुला काय वाटतं, तुला काय पाहिजे, कुठं त्रास होतो, कुठं मजा येते. डोकं वेगळं असल्यावर काय फायदा होतो हे पण विचारतात! त्या प्रश्नावर पोरगी कशी खुलते ते चित्रात बघण्यासारखं आहे. इंग्रजी नावात 'मॉन्स्टर' आहे ते मला म्हणूनच पटलं नाही, जपानी नावाचा अर्थ डेमी-चानला बोलायचंय असा आहे, 'चान' म्हणजे लाडानं नावापुढं लावतात ते. बोलायचंय तिला. ती बोलायला तयार आहे, ऐकणारं पाहिजे.

घरात एक वेगळीच गंमत झाली, ती पण सांगते. सासूबाई सत्तरीच्या पुढं आहेत, मूळच्या नांदेड जिल्ह्यातल्या, किनवटकडच्या. त्यांनी पुस्तकाचं पान बघितलं आणि आधी चिडल्या की दवाखान्यात जाताना भुताची पुस्तकं कशाला देता लेकराच्या हातात. मग माचीचं चित्र आलं. चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"मुंडकं हातात धरून बसलीय का रे ही?"

"आजी, ती तशीच जन्मलीय."

"मग भ्यायचं काय त्याला. माहूरला आपली माय काय येगळी हाय का. मुखच तर हाय तिथं."

खरंय ना. माहूरगडावर रेणुकामातेच्या मुखाचीच पूजा होते, परशुरामाची गोष्ट आम्ही सगळ्यांनी लहानपणापासनं ऐकलीय, आणि मला ते आठवलं नाही, त्यांना आठवलं. वरनं म्हणतात, "हिच्या मायला घोर असंल पण. गर्दीत मुंडकं सांभाळायचं कसं पोरीनं." नेमकी तीच अडचण गोष्टीत आहे, पाऊस आला की छत्री, दप्तर आणि डोकं असं तिन्ही धरायला हात पुरत नाहीत. जपानच्या कुणा माणसानं काढलेलं चित्र आणि किनवटच्या म्हातारीच्या मनात आलेला पहिला विचार एकच.

आपल्याकडं मुंजा, हडळ, चकवा यांच्या गोष्टी काय कमी आहेत? पण आपल्या गोष्टीतलं हे सगळं गावाच्या बाहेर असतं. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीवर, चकवा रात्री बांधावर भेटतो, आणि गोष्ट संपते ती माणूस घरी सुखरूप आला म्हणून. या मांगात ती मंडळी वर्गात बाकावर बसलीत, डबा उघडून. गोष्ट घाबरण्यापासनं सुरू होत नाही म्हणून ती बाकी सगळीकडं जाऊ शकते. युकीचंच बघा, ती हिमकन्या, घाबरली किंवा दुःख झालं की अंगातनं गार हवा येते, रडली की अश्रूंचा बर्फ होतो. तिला भीती की आपल्यामुळं कुणाला तरी इजा होईल, म्हणून ती कुणाच्या जवळच जात नाही. सर तिला पाय पाण्यात ठेवायला लावून प्रयोग करून दाखवतात की हा बर्फ ताणामुळं होतो, घाम फुटावा तसा, ती कुणाला गोठवून मारणार नाही. समजूत घालत बसले नाहीत, दाखवलं. मला हे फार आवडलं. डॉक्टर लोकांनी रिपोर्ट असा समजावून सांगावा असं वाटलं. मुलगी म्हणाली २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं तेव्हा युकी लातुरात पाहिजे होती, घरात बसून रडली असती तरी हंडे भरले असते. लेकरू लगेच म्हणालं, "तिला रडवायचं का पाण्यासाठी?" एवढी त्यांची ओळख झालीय त्या पोरींशी.

त्याच युकीच्या मागं वर्गातल्या दोन पोरी वाईट बोलतात आणि हिकारीला ते ऐकू येतं, मग ती त्यांना तोंडावर विचारते. चिडून, आवाज कापत. ते प्रकरण पोरानं किती वेळा वाचलंय मोजलं नाही. त्या पानांना बोटांचे डाग आहेत.

आता जे पटलं नाही ते.

सातो मॅडमचं लिखाण एका बाजूनं सगळ्यात खोल आहे. आपल्यामुळं कुणी भुलू नये म्हणून ती बाई शाळेत ट्रॅकसूट घालते, सकाळची अगदी पहिली गाडी आणि रात्रीची शेवटची गाडी पकडते म्हणजे गर्दीत कुणाला धक्का लागू नये, गावाबाहेर जुन्या घरात एकटी राहते. कुणी आपल्यावर प्रेम केलं तरी ते खरं की स्पर्शाचा परिणाम हे तिला कधी कळणार नाही, हे दुःख मोठ्या माणसाचं आहे आणि चांगलं मांडलंय. पण मधेच तिच्या शरीरावर अशी चित्रं आणि असे विनोद येतात की सगळं पाणी होतं. सासूबाईंसमोर ती पानं मला पटकन उलटावी लागली. दुसरं, सर आणि विद्यार्थिनी यांच्यातलं अंतर. माची सरांना मिठी मारायला सांगते, पुढं तिचं मन पण त्यांच्यावर जडतं. लेखकानं सरांना सरळ ठेवलंय, ते कुठं घसरत नाहीत, पण वयात आलेल्या मुलीची आई म्हणून मला ते वाचताना आवडलं नाही आणि मी मुलीशी त्याबद्दल बसून बोलले. तिचं म्हणणं पडलं की एकट्या पडलेल्या पोरीला ऐकून घेणारा पहिला मोठा माणूस भेटला की असं होतं, तिच्या कॉलेजात पण होतं, म्हणून तर ते लिहायला पाहिजे. तिचं चूक नाही. तरी माझं मत आहे की तेरा-चौदाच्या खालच्या लेकराच्या हातात देताना घरातल्या कुणीतरी आधी वाचावं.

याच्यावर उत्तर म्हणा किंवा काही म्हणा पण ॲनिमेत पुढं एक भाग येतो तिथं उपमुख्याध्यापक ताकाहाशी सरांना बोलावून सांगतात की डेमी पोरींचं सगळं तुम्ही एकट्यानं बघताय, त्यामुळं बाकीचे शिक्षक आणि बाकीची पोरं लांब राहतात, त्यांना पण शिकू द्या. आधी राग येतो त्या माणसाचा. मग कळतं तो बरोबर बोलतोय. सर पण घरी जाऊन विचार करत बसतात, गोंधळतात. चांगल्या माणसाला कुणीतरी तुझं चांगलं करणं पण तपासून बघ असं सांगितलं, आणि त्यानं ते मनावर घेतलं, हे असं मी फार कमी गोष्टींमधे वाचलंय. मला तिथं मी स्वतः दिसले, कारण मी पण लेकराच्या आणि जगाच्या मधे उभी राहून सगळं एकटीनं करत आले, शाळेची सहल आली की मीच आधी नाही म्हणायचे.

बाकी काही ठिकाणी गोष्ट रेंगाळते. माचीचं डोकं आणि धड कशानं जोडलेलं आहे यावर सरांचे भौतिकशास्त्रवाले मित्र येऊन वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणारं बोगद्यासारखं काहीतरी, अशी चर्चा करतात, माझ्या मुलीला ते लई आवडलं, मी तिथं फारसं लक्ष दिलं नाही. आणि बोलणं खूप आहे, फुग्यात बारीक इंग्रजी, सेमीच्या पोराला बऱ्यापैकी कळतं पण सगळं नाही. लेकरू पेन्सिलनं शब्दाखाली रेघ मारून ठेवतं आणि संध्याकाळी ताईला विचारतं. मराठीत ही यायला पाहिजे. आमच्या शेजारच्या बेडवरची पोरगी आम्ही सांगतो त्याच्यावर अवलंबून आहे, तिला स्वतःला वाचता आली पाहिजे.

घेणाऱ्यांसाठी: आम्हाला एक खंड सातशेच्या आसपास पडला, आणि यायला आठ-नऊ दिवस लागले. लातुरात दुकानात विचारलं तर ऑर्डर देऊन मागवू म्हणाले. कागद बरा आहे, बांधणी घट्ट आहे, वार्डात इकडं तिकडं पडून पण पानं सुटलेली नाहीत. पैसे जास्त वाटत असतील तर ॲनिमे क्रंचीरोल नावाच्या ॲपवर आहे, त्यात रंग सुंदर आहेत, माचीची ज्योत हलताना दिसते, आणि सातो मॅडमचे ते विनोद तिथं पण आहेत हे धरून चला. पण वार्डातलं नेट चालत नाही आणि छापलेलं पुस्तक शेजारच्याला देता येतं, म्हणून आम्ही पुस्तकच घेतोय.

अजून एक. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांनी हे लक्षात ठेवा की २०१६ च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल पण घेतलेत, एकवीस प्रकार आहेत त्यात. आम्हाला हे वार्डातल्याच एका बापानं सांगितलं. हिकारीला पिशवी मिळते तो तिचा हक्क आहे असं गोष्टीत कुणी उपकाराच्या भाषेत बोलत नाही, हे वाचताना मला त्या बापाची आठवण झाली, तो पण असाच ठणकावून बोलायचा.

गेल्या महिन्यात पहिला खंड लेकरानं स्वतःहून शाळेत नेला. आता शाळा वेगळी आहे. मी विचारलं नाही काय झालं म्हणून, संध्याकाळी त्यानंच सांगितलं. एका पोरानं हिकारीचं पान बघून विचारलं, "तुला पण असंच चढवतात का, दुखतं का लई?" हा म्हणाला सुई टोचताना दुखतं, नंतर गार लागतं, पिशवी फ्रीजमधनं आलेली असते ना. मग त्या पोराला गार का लागतं ते सांगितलं, शीर का सापडत नाही ते सांगितलं, हातावरचे डाग दाखवले. पुस्तक त्या पोराकडंच आहे अजून, परत आलं नाही. बाकी दोघं वाट बघायलेत म्हणे.

तिसरा खंड मागवलाय. पुढची तारीख सतरा आहे, त्याच्या आधी यायला पाहिजे.